उभ्यांचा बांध

"बांध फाटला, गुरुजी," कडूबा म्हणाला.

चेंडू रेषेबाहेर गेला होता. तो आणून देण्याच्या निमित्ताने कडूबा पंचाजवळ आला होता. मैदानाच्या टोकाचा मातीचा बांध त्यानेच महिनाभर राबून घातला होता.

"कुठून?" उत्तमराव मास्तरांनी चेंडू हातात घेत विचारलं.

"मांगून, नाल्याकडून. मघा बोट जात होतं, आता अख्खा हात जाते. मुरूम पुरला नाही जी. पोटात काळी माती भरली म्या. परवाच्या पाण्यानं फुगली."

उत्तमरावांनी पश्चिमेकडे पाहिलं. पाहुण्या उंद्री गावाच्या गोलामागे बांधावर हजारभर माणसं दाटीने उभी होती.

"बोंब मारू?"

"मारू नको. कोणाला सांगूही नको."

तीन वर्षांपूर्वी, त्रेसष्ट साली, जुना बांध असाच थोडा खचला होता. कोणीतरी 'पळा' म्हणून ओरडलं. बांध जागेवर राहिला. पळणाऱ्यांच्या पायांखाली दोन माणसं गेली. तेव्हापासून जानेफळच्या मैदानावर उभ्याने सामना बघणं बंद झालं. तीनशे माणसांची बाकं आली. बाकांवर मोठी घरं बसली आणि बाकीचं गाव घरी राहिलं. यंदा उत्तमरावांनीच कमिटीत हट्ट धरला. उभं राहायची जागा परत द्या, बांध पहिल्यापेक्षा दुप्पट लांब घाला. अध्यक्ष महादेवराव म्हणाले, "घाला. पण जबाबदारी तुमची, मास्तर."

अंतिम सामन्याची दहा मिनिटं उरली होती. गोल एकही नव्हता.

जानेफळची पोरं चेंडू घेऊन पश्चिमेला धावली. बांधावरची माणसं ओरडत टाचा उचलू लागली. चेंडू खांबाला लागून परतला. हजार माणसं एकदम उडाली आणि एकदम खाली आली. उत्तमरावांना तो हादरा आपल्या छातीत बसल्यासारखा वाटला. जानेफळचा गोल झाला असता, तर सगळा बांध नाचला असता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या गावाचा गोल होऊ नये म्हणून देवाला विनवलं.

सामना मध्येच थांबवला, तर काय झालं म्हणून मागचे पुढच्यांना रेटणार. खरं सांगितलं तर त्रेसष्ट साल. काय करावं? त्यांची शिट्टी घामाने निसटत होती.

उंद्रीच्या एकाने चेंडू लांब पूर्वेला मारला. जानेफळचा कप्तान पुंजाजी आपल्या गोलासमोर उभा होता. त्याने चेंडू छातीवर झेलला, अगदी स्वच्छ.

उत्तमरावांनी शिट्टी फुंकली.

"हँड. पेनल्टी."

अकरा वर्षांत त्यांनी एकही खोटी शिट्टी वाजवली नव्हती.

"माह्या मायची आन, गुरुजी!" पुंजाजी दोन्ही हात वर करून ओरडला. "छातीले लागला! हाताले नाही लागला!"

"चेंडू ठेवा," उत्तमराव म्हणाले. त्याच्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

पेनल्टी म्हटली की जानेफळचं गाव त्या गोलामागे गोळा व्हायचंच. भ्यालेला माणूस शेजाऱ्याला तुडवतो. पेनल्टी बघायला निघालेला त्याला हाताला धरून नेतो. बांधावरचे लोक पुढच्या उताराने खाली येऊ लागले. शिव्या देत, एकमेकांना ओढत, मैदानाच्या कडेने पूर्वेकडे निघाले.

"मास्तर, उंद्रीत सोयरीक केली का बे?" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. मग हसू थांबलं आणि एक ढेकूळ त्यांच्या पायाशी फुटलं.

उत्तमरावांनी गोलापासून पावलं मोजली. चूक झाली म्हणून पुन्हा मोजली. चेंडू उचलला, फिरवून ठेवला, परत उचलला. महादेवराव बाकावरून उठून उभे राहिले होते.

"अहो मास्तर, मारू द्या ना आता," उंद्रीचा गडी वैतागला.

बांधावर अजून एकजण उभी होती. पुंजाजीची माय, शालूबाई. कमरेवर हात ठेवून ती जागची हलत नव्हती. उत्तमरावांनी तिसऱ्यांदा पावलं मोजायला घेतली.

तेवढ्यात शालूबाईने पदर खोचला. उतार उतरली आणि तिने थेट मैदानात पाऊल टाकलं. सगळं मैदान तुडवत ती पंचासमोर येऊन ठेपली.

"माह्या पोराले लबाड म्हनता का हो मास्तर? सांगा न माह्या तोंडावर!"

"या माय, इथं उभ्या राहा," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

गोल झाला. उंद्रीवाले नाचले. त्या आरोळीत पश्चिमेकडून एक जड, दबका आवाज आला. माणसं वळली. अर्धा बांध नाल्यात बसला होता. वर नुसती धूळ उडत होती.

कडूबा मटकन खाली बसून रडायला लागला, "गुरुजीले म्या मघाच सांगितलं होतं" म्हणाला, आणि पेनल्टी कशासाठी होती ते हळूहळू सगळ्यांना कळलं.

उत्तमराव महादेवरावांपाशी गेले. शिट्टी त्यांनी बाकावर ठेवली.

"बांधाची जबाबदारी माझी. आणि शिट्टी खोटी होती. पुंजाजीच्या हाताला चेंडू लागला नव्हता. सामना पुन्हा खेळवा, दुसरा पंच घेऊन."

महादेवरावांनी पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजी मोडलेल्या बांधाकडे बघत होता, त्याची माय उभी होती त्या जागेकडे. त्याने शालूबाईचा हात घट्ट धरला होता.

"मायची आन, गुरुजी," तो म्हणाला. "लागला होता."