उठवा तिला

लेकीला पोहायला घालायला ती आपल्या लहानपणीच्याच तलावावर आली. तोच क्लोरीनचा वास, ओल्या फरशीवर "पळू नका रे!" असं तेच ओरडणं, आणि काठावरच्या खुर्चीत तेच मास्तर, आता पार पिकलेले.

तिनं ओळख सांगताच मास्तरांचा चेहरा खुलला. "तू होय! चार वर्षांची असताना अर्धा तलाव प्यायली होतीस."

तिला ते पुसटसंच आठवत होतं. आई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्या सकाळी तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, ती खोकली आणि लगेच खिदळत घरी गेली. दुपारी मास्तर सायकल दामटत दारात हजर.

"पोरगी कशी आहे?"

"दमलीय. गाढ झोपलीय."

"उठवा तिला."

आई वैतागतच उठवायला गेली, तर पोर डोळे उघडेना आणि छाती भात्यासारखी चाललेली. मास्तरांनीच तिला उचलून दवाखाना गाठला. पाणी फुप्फुसात गेलं होतं. आणखी उशीर झाला असता, तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

"मास्तर, मी तर हसत घरी गेले होते. तुम्हाला शंका तरी कशी आली?"

मास्तर पाण्यात डुंबणाऱ्या पोरांकडे बघत राहिले.

"आमची थोरलीही अशीच हसत घरी आली होती," ते म्हणाले. "आम्ही तिला झोपू दिलं."