ओळख पटली

आईच्या पंचाहत्तरीला निरंजननं फोन लावला. तो उचलला भामट्यांना अडवणाऱ्या यंत्रानं. ते त्यानंच आईकडे बसवलं होतं.

"आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. गुडघे कसे आहेत?"

"आवाज निरंजनचाच," यंत्र म्हणालं, "पण तो गुडघ्यांची चौकशी करत नाही. ती भामटे करतात."

"अरे, मी खरा आहे."

"त्याला अकरा वर्षांत वाढदिवस आठवलेला नाही."

निरंजन आधी गोंधळला, मग वैतागला. "मला मीटिंग आहे. नंतर करतो."

"ओळख पटली. जोडतो."

"बोल रे," आई म्हणाली.

"आई, संध्याकाळी भेटायला येतोय. राहायलाच."

मग आई यंत्राला म्हणाली, "सोन्या, हाही भामटाच निघाला रे."

फोन कट झाला. निरंजननं आधार कार्ड काढून त्यावरचा फोटो नीट बघितला. त्यालाही खात्री वाटेना.