दिव्याची पेटी

"मास्तरांना मत म्हणजे बँकवाल्यांना मत, काकू. एवढं ध्यानात ठेवा," तारामती म्हणाली.

भामाकाकू तांदूळ निवडत होत्या. बरकतपुऱ्याच्या त्या गल्लीतल्या बायका काकूंच्या शब्दाबाहेर नव्हत्या, म्हणून तारामती चौथ्यांदा त्यांच्या ओट्यावर आली होती. उद्या मतदान. उभे तिघे: मुकुंद मास्तर, दिवा चिन्हाचा वकील आणि बँकवाला प्रतापराव.

"मुकुंद मास्तर देवमाणूस आहे. आणि तो दिवा चिन्हवाला वकील? नुस्ता बडबड्या."

"हौ, बडबड्याच. पण बँकवाल्यांना पाडेल तर तोच. मतं फुटली की ते आलेच निवडून."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "मास्तरांची मतं फोडायला प्रतापरावानंच कुणाला धाडलं असेल तर?"

"माझ्याकडे पाहून सांगा, तसं वाटतं?"

काकूंना तसं वाटेना. गल्लीतल्या एकनाथरावांची ही बहीण पोलीस ॲक्शननंतर भावाकडे राहायला आली. कुंकू ठसठशीत, पण सासरचा विषय निघाला की गप्प. असतं एकेकीचं नशीब. कुणी खोदून विचारलं नव्हतं. शिवाय पद्मावतीसाठी अजून रडणारी गल्लीत ही एकटीच.

पद्मावती म्हणजे काकूंची सून. अठ्ठेचाळीस साली शहरात राहणं धोक्याचं झालं होतं. नवरा तापाने फणफणलेला, त्याला घेऊन सोलापूर गाठायचं, तर स्वतःचेच पैसे मिळेनात. प्रतापरावाच्या बँकेने खिडकी लावून घेतली. भागीदारांना नफा मात्र त्याच महिन्यात वाटला. पद्मावती तीन दिवस पायरीवर बसून हातातलं पितळी टोकन गजांवर वाजवत राहिली. नवरा गेला. पंधरा दिवसांत तीही गेली.

तारामतीला ती टकटक अजून ऐकू यायची. भर दुपारी, भांडी घासताना. आणि नेहमी खालून, जमिनीतून आल्यासारखी.

"पद्मावतीची शपथ घे," काकू म्हणाल्या.

तारामतीने घेतली. संध्याकाळपर्यंत काकूंनी सगळी गल्ली वळवली. चिठ्ठी दिव्याच्याच पेटीत.

सकाळी एकनाथराव दारात आडवे आले. "तू नको जाऊस, तारा. एवढी मतं मिळवलीस. तुझं एक नाही पडलं तरी चालेल."

"मी स्वतः टाकल्याशिवाय ती टकटक थांबायची नाही, दादा."

"लोक काय म्हणतील, याचा विचार केलास?"

पदर सारखा करून ती निघाली.

शाळेच्या पडवीत बायकांची रांग होती. पडद्यामागे तीन पेट्या, प्रत्येकीवर एकेका उमेदवाराचं चिन्ह. तारामती पुढे, तिच्यामागे काकू, मग सगळी गल्ली. पायांखाली टकटक चालूच होती.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

"तारामती."

"मालकांचं?"

तिने मान खाली घातली. मागे बायका खुसखुसल्या.

"घे की गं उखाण्यात," काकू म्हणाल्या. मुलगा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

"राहू द्या, सापडलं." कारकुनाने यादीवर बोट ठेवलं, उमेदवारांच्या माणसांना ऐकू जावं म्हणून रीतीप्रमाणे मोठ्याने वाचलं, आणि वाचता वाचता खुर्चीवरून अर्धा उठला. "तारामती, जौजे प्रतापराव. अहो, बँकेच्या माडीवर राहणाऱ्या साहेबांच्याच घरच्या की तुम्ही, बाई."