मागे राहील त्याची गाडी

महामहम् कुंडाच्या काठी सकाळीच दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. सुंदररावांची पांढरी ॲम्बेसिडर आणि शेजारच्या व्यंकोबाची निळी फियाट. दोन्हींची बॉनेटं उघडी, आणि दोन्ही म्हाताऱ्यांची तोंडंही.

"माझं इंजिन चौदाशे एकोणनव्वद सीसीचं. तुझं हजाराच्या जरा वर. बोलूच नकोस!" सुंदरराव म्हणाले.

"आणि वजन? तुझी म्हणजे देवळातला हत्ती. तंजावरला माझी कॉफी पिऊन होते, तरी तुझा पत्ता नसतो."

भांडण जुनंच, पण आज त्याला धार चढली होती. संध्याकाळी सुंदररावांच्या नातीचं, अक्षयाचं जानवासम्. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाला गाडीत बसवून, नादस्वरम् वाजवत, गावातून मिरवत मांडवात आणायचं. गाडी कुणाची? सुंदररावांनी या एका संध्याकाळसाठी ॲम्बेसिडर जिवापाड जपली होती. पण पोरगी लहानपणी शाळेत गेली ती व्यंकोबाच्या फियाटमधून. त्याचाही हक्क होताच की!

तोड अक्षयानंच काढली. "मिरवणुकीत वेगाला कोण विचारतो, आजोबा? गाडी नादस्वरम्‌वाल्यांच्या पावलानं चालायची. त्या कोपऱ्यापर्यंत जा दोघं. जो मागून पोचेल, त्याची गाडी. इंजिन बंद पडलं की बाद."

घ्या! उभा जन्म पुढे जाण्यात घालवला, आणि आता मागे राहायची शर्यत.

गाड्या निघाल्या. एक फूलवाली डोक्यावर टोपली घेऊन दोघांच्या मधून पुढे निघून गेली. सुंदररावांनी क्लच अर्धा दाबून गाडी जेमतेम सरकत ठेवली होती. इतक्यात फियाटचं निळं नाक वीतभर पुढे सरकलं.

व्यंकोबानं ते पाहिलं आणि घात झाला. ॲम्बेसिडर मागे पडलेली दिसताच त्याचा पाय सवयीनं दाबला गेला. फियाट भुर्रकन सुटली ती थेट कोपऱ्यावर. व्यंकोबा हात उंचावून बाहेर आला. "हरवलं की नाही!"

कुंडाकाठी सगळे पोट धरधरून हसले. व्यंकोबाचे हात वरच राहिले. मग तोही हसला, जरा उशिरानं.

सुंदरराव स्टिअरिंगवर थापा मारत होते. "नातजावयाला मीच आणणार! मीच चालवणार!"

"चालवा की," त्यांची बायको नागलक्ष्मी म्हणाली. "आणि मांडवाच्या दारात हार घेऊन कोण उभं राहायचं? मुलीकडचं थोरलं माणूस तुम्हीच ना?"

हे काही सुंदररावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. घरातल्या पोरांना स्टिअरिंगपाशी असलेला गिअर टाकता येत नव्हता. ही गाडी गचके न देता हाकणारा त्यांच्या माहितीत दुसरा एकच होता. सुंदररावांनी किल्ली काढली, क्षणभर मुठीत धरली, आणि पुढे केली.

"व्यंकोबा, वाटेत कुणाला मागे टाकू नकोस म्हणजे झालं."

संध्याकाळी नादस्वरम्‌च्या मागून फुलांनी मढलेली ॲम्बेसिडर आली. अशी संथ, अशी डौलात, की हार धरून उभ्या सुंदररावांचे डोळेच भरून आले. गाडी दारात थांबली. नवरदेव उतरायच्या आधी ड्रायव्हरच्या खिडकीतून व्यंकोबाचं डोकं बाहेर आलं.

"गाडी चांगली आहे रे, सुंदर! हाकणारा बरा मिळाला, की अगदी फियाटसारखी चालते."