घोडीच्या वासाचा टॉवेल

पाच वर्षं दुसऱ्यांचे घोडे फिरवल्यावर तिने स्वतःचं पहिलं शिंगरू निवडलं, दूध सुटलेल्या तिघांतलं सर्वांत खादाड. घरी मात्र ते घमेल्यातल्या दाण्याला शिवेना. "संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही, तर परत नेईन," घोडेवाल्याने बजावलं होतं. तिच्याकडे उपाय होता. निघताना तिने शिंगराच्या आईच्या मानेवर टॉवेल घासून आणला होता. ओळखीचा वास आला की खाईल. टॉवेल आणायला ती धावली, तर तो दोरीवर वाळत होता. "कसला वास मारत होता! दोनदा साबण लावला," आई अभिमानाने म्हणाली. ती घमेल्याशेजारी मटकन बसली. शिंगराने येऊन तिच्या शर्टात नाक खुपसलं आणि घमेल्यात तोंड घातलं. टॉवेल घासताना तिने घोडीला मिठी मारली होती ना! "शर्ट टाक धुवायला," आई म्हणाली. "आठवडाभर नाही." "मग जेवायला शिंगराच्याच पंगतीला बस!"