साडेसहाची उपासना

“धनगर नव्हे, मेंढपाळ,” सत्वशीलाबाई म्हणाल्या. “किती वेळा सांगायचं?”

“मेंढपाळ,” रूपालीनं मुकाट्यानं दुरुस्त केलं आणि स्तोत्र पुढं वाचायला घेतलं. एक ओळ नीट गेली. दुसरीला ती पुन्हा अडली, पुस्तकावर बोट ठेवून तशीच बसली. मग म्हणाली, “हिरव्या... हिरव्या गवतात निजवतोय मला.”

निजवतोय. बाईंनी डोळे मिटून घेतले. तसे ते उघडे असून नसून सारखेच होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि समोर कॉटवर बसलेली सून त्यांना नुसती पुसट आकृती दिसायची.

गावाच्या कॅम्प भागातल्या या घरात सकाळी साडेसहाची उपासना एकेचाळीस वर्षं चुकली नव्हती. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा बाईंनी आधी स्तोत्र वाचलं होतं, मग रडल्या होत्या. मराठी शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं शिकवलेलं. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं तर खणखणीत, एकेक शब्द सुटा, हा त्यांचा खाक्या. डोळे गेल्यावर वाचन सुनेकडं आलं, आणि दीड वर्ष ती देवाचं वचन असं वाचत होती, जणू शेजारणीला निरोप सांगतेय.

मुलगी निपाणीची, ख्रिस्ती घरातली, चर्चच्या मंडळीत गाणारी. भाषा गावठी का असेना, मराठी बोलते ना, एवढं बघून बाईंनी होकार दिला होता, शाळा कुठं झाली तेही विचारलं नव्हतं. आता त्याचाही पस्तावा व्हायला लागला होता.

बाईंचं स्वतःचं जाड अक्षरांचं शास्त्र उशाशीच असायचं. रूपाली त्याला हात लावायची नाही. “त्याची पानं सुटल्यात आई. माझंच बरं हाय,” म्हणायची. आदल्या दुपारीच विचारून ठेवायची, “उद्या कुठला अध्याय?” मग चपात्या लाटताना तिचं ओठातल्या ओठात काहीतरी चालायचं. एवढी तयारी करून सकाळी ही तऱ्हा. उपासनेतल्या गीताचं तर विचारूच नका. पहिली ओळ बाईंनी उचलायची आणि हिनं मागून सूर धरायचा. गीतांचं पुस्तक लग्न झाल्यापासून तिनं एकदाही उघडलं नव्हतं.

“मन नाही तिचं त्यात,” बाईंनी मुलाला सांगून पाहिलं.

धवल बुटाची नाडी बांधत होता. “वाचती की गं रोज. एक दिवस तरी चुकवलाय का?”

“वाचणं वेगळं आणि उरकणं वेगळं.”

धवल उठून दाराकडं निघाला. बायकोचा विषय निघाला की त्याला कचेरीची घाई व्हायची.

खरं दुखणं निराळंच होतं. बाईंचं प्रार्थनेत मन लागेना. ओळखीचे शब्द कानावर पडले नाहीत की देवसुद्धा परका वाटायचा. एका सकाळी त्या गुडघे टेकून बसल्या आणि देवाशी बोलायचं सोडून सुनेच्या चुका आठवत राहिल्या. आमेन म्हणायच्या वेळी ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि स्वतःचीच इतकी चीड आली की डोळ्यांतून पाणी आलं. एकेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, “दिसेल छान. पण महिनाभर वाचायचं नाही.”

म्हणजे अजून एक महिना रूपाली. बाईंनी घरी येऊन मिरजेच्या लेकीला फोन लावला.

“विद्युल्लता, मी येते तुझ्याकडं. तुझी पोरगी वाचून दाखवेल मला. महिनाभर नाही, आता तिकडंच राहते.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं रूपाली पदराला हात पुसत दारात आली.

“आई, जाऊ नका. आजून थोडं दिस द्या मला. सुधारतंय हळूहळू.”

“त्यात सुधारायचं काय आहे गं? समोर लिहिलेलं तर असतं. तेवढंच वाचायचं.”

“व्हय,” रूपाली म्हणाली. मग जाता जाता तिनं विचारलं, “उद्या कुठलं?”

“एकशे एकविसावं. माझं इथलं शेवटचं आहे, निदान ते तरी धड वाच.”

दुसऱ्या दिवशी धवल बाईंची पेटी दाराशी ठेवून रिक्षा बघायला गेला. साडेसहा वाजले. रूपाली पुस्तक घेऊन कॉटवर बसली. बाई मात्र रोजच्या खुर्चीत बसल्या नाहीत. काळा चष्मा सावरत त्या सुनेच्या शेजारी येऊन टेकल्या. ही नेमकी कुठं अडते आणि काय गाळते, ते एकदा पकडायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. मिरजेला गेल्यावर लेकीला सांगायला बरं.

रूपालीनं पुस्तक छातीशी धरलं. “डॉक्टरांनी वाचू नका म्हटलंय.”

“मी कुठं वाचतेय? मी बघतेय. तू वाच.”

रूपालीनं पुस्तक मांडीवर उघडलं, पान काढलं, बोट ठेवलं आणि रोजच्यासारखीच अडखळत सुरुवात केली. “मी... डोंगराकडं डोळं लावून बसतो. मला मदत... कुठनं येईल?”

“कुठून येईल,” बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून पानावर वाकल्या. दीड वर्षानंतर अक्षरं कशी लख्ख दिसत होती. सुनेच्या बोटाखालची ओळ, तिच्या वरची, खालची, डावीकडचं पान, उजवीकडचं पान, सगळं कानडी होतं.