पुलाची तपासणी

"पूल सडलाय, तोडावाच लागेल," रेल्वेचे साहेब म्हणाले. गॅसकटरवाले उठलेसुद्धा.

आमची छोटी रेल्वे माझ्या जन्माआधीच बंद झाली. रूळ गेले, पूल राहिला. आम्ही मुली त्याच्यावरूनच सायकलने शाळेत जातो. तो गेला तर वळसा अकरा किलोमीटरचा, मग घरचे शाळाच सोडायला लावणार.

मी आजोबांची हातोडी काढून पहिला रिव्हेट ठोकला. ते याच लाइनवर पूल तपासायचे. घट्ट रिव्हेट खणखणतो, सैल झालेला बद्द वाजतो, हे त्यांनीच शिकवलेलं.

"पोरी, बँडात भरती झालीस का?" मुकादम हसला.

"ऐका तर, काका." मी पलीकडच्या टोकापर्यंत एकेक ठोकत गेले. चारच रिव्हेट बद्द वाजले. त्यांच्यावर खडूने फुल्या मारून मी हातोडी साहेबांपुढे धरली.

"हे चार बदला. नाहीतर पाचवा शोधून दाखवा."